जुन्या पॅक-मॅन बोर्डाला सिरीयल पोर्ट कसा जोडावा? (झेड-८०, चालू स्कोअर लॅपटॉपवर हवा आहे)

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका बंद झालेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं पॅक-मॅनचं मशीन आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्ट लॅबमध्ये आलं आहे. चालू स्थितीत आहे. बोर्ड मूळ कंपनीचा नाही, नक्कल आहे, पण मांडणी मूळ बोर्डासारखीच: १८.४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, झेड-८० प्रोसेसर बेसवर बसवलेला, प्रोग्रामचे चार रॉम २५३२ जातीचे. ५ व्होल्टसाठी बाहेरून एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय). मूळ मॉनिटर गेलेला असल्यामुळे कुणीतरी २१ इंची रंगीत टीव्ही बसवून आरजीबीच्या तारा थेट पिक्चर ट्यूबच्या मागच्या बोर्डाला दिल्या आहेत.

टेकफेस्टला खेळणाऱ्याचा स्कोअर चालू गेममध्येच मोठ्या पडद्यावर दाखवायचा आहे. त्यासाठी बोर्डाला सिरीयल पोर्ट काढायचा आहे. यूएआर्ट (बाइटचे एकामागून एक बिट करून पाठवणारी) चिप लागेलच का? बॉड रेट (सेकंदाला किती बिट) किती धरावा? आणि रॉममध्ये काही बदललं तर मशीन सुरू होताना रॉम खराब असल्याचा संदेश देऊन अडकतं, त्यावर उपाय काय? हाताशी मल्टिमीटर, ८ चॅनेलचा लॉजिक अॅनालायझर आणि यूएसबीचा ईप्रॉम प्रोग्रामर आहे. स्कोप नाही.

अंबडवाला

सिरीयलचं नंतर बघू, आधी तो टीव्ही. या बोर्डाला लॅपटॉप किंवा लॉजिक अॅनालायझर अजून जोडला नसेल तर जोडूच नका.

बऱ्याच जुन्या रंगीत टीव्हींची चासी (आतला धातूचा सांगाडा आणि ग्राउंड) मेन्सपासून वेगळी केलेली नसते. आरजीबी देताना टीव्हीचं ग्राउंड आणि गेम बोर्डाचं ग्राउंड एक झालं, म्हणजे बोर्ड, जॉयस्टिकची पट्टी, नाण्याचा दरवाजा, सगळं त्या चासीच्या व्होल्टेजवर. त्यात लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थिंग येऊन मिळालं की टीव्हीचा ब्रिज, यूएसबी पोर्ट आणि बोर्ड एका झटक्यात जातात. आणि हात मध्ये असेल तर माणूस जातो.

तपासायचं असं: मल्टिमीटर एसीच्या सगळ्यात वरच्या रेंजवर, एक प्रोब बोर्डाच्या ग्राउंडला, दुसरा अर्थिंगच्या पिनला. टीव्हीचा प्लग एकदा सुलटा, एकदा उलटा घालून मोजा. एका दिशेला शून्य आणि दुसऱ्या दिशेला २३० च्या आसपास आलं, किंवा दोन्ही दिशांना शंभरच्या वर आलं, तर चासी जिवंत असल्याची शंका धरायची. एसएमपीएसच्या फिल्टरमुळेही डिजिटल मीटर शंभरेक व्होल्ट दाखवतो, म्हणून त्याच दोन जागांमध्ये २३० व्होल्टचा १५ वॅटचा बल्ब लावून बघा. फिल्टरच्या गळतीवर बल्ब पेटत नाही, जिवंत चासीवर पेटतो. हे करताना एक हात खिशात, पायात रबरी चप्पल, आणि हे काम विद्यार्थ्यावर सोपवायचं नाही.

उपाय एकच: टीव्हीसाठी २३० ला २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. २१ इंचीला २५० व्हीए पुरतो. चालू होताना डीगॉसची (ट्यूबचं चुंबकत्व घालवणारी) कॉइल झटका ओढते, म्हणून त्याहून लहान घेऊ नका. ऑटोट्रान्सफॉर्मर किंवा डिमरस्टॅट चालत नाही, त्यात दोन्ही बाजू जोडलेल्याच असतात. ट्रान्सफॉर्मर बसल्यावर, आणि तो बसल्यावरच, कॅबिनेटचा सगळा धातू आणि बोर्डाचं ग्राउंड अर्थिंगला घ्या. आधी अर्थिंग दिलंत तर टीव्हीचा फ्यूज उडेल.

नुसता सिरीयलच्या तारेत ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणारी, विजेने न जोडणारी चिप) टाकून हा प्रश्न सुटत नाही. लॅपटॉप वाचेल, पण जॉयस्टिकला हात लावणारं पोरगं वाचणार नाही.

झेडऐंशी

अंबडवाल्यांचं काम पूर्ण झालं असं धरून पुढचं लिहितो.

तुम्हाला डेटा फक्त बाहेर काढायचा आहे. मग यूएआर्टची काहीच गरज नाही. या बोर्डावर ५००० ते ५००७ (पत्ते सगळे हेक्समध्ये लिहितोय) इथे ७४एलएस२५९ हा आठ आउटपुटचा लॅच (लिहिलेला बिट धरून ठेवणारी चिप) आहे. ५००० इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवून दुसऱ्या रूटीनकडे बोलावणं) चालू-बंद, ५००१ आवाज, ५००३ स्क्रीन उलटी करणं, ५००४ आणि ५००५ स्टार्टच्या बटणांचे दिवे, ५००६ नाण्याचं लॉक, ५००७ नाणी मोजायचा काउंटर. मधला ५००२ जादा बोर्डासाठी राखून ठेवलेला आहे आणि गेम सुरुवातीला एकदा पुसण्यापलीकडे त्याला हात लावत नाही. तोच आपला टीएक्स (डेटा पाठवायची लाइन). चिपच्या ६ नंबरच्या पिनेवर मिळतो. दिव्यांचे आउटपुट वापरायचा मोह होतो, कारण त्यांच्या तारा कनेक्टरपर्यंत आयत्या आलेल्या असतात. पण ते गेम स्वतः लुकलुकवतो आणि मध्येच ट्रान्झिस्टर असतो, म्हणून नको.

बॉड रेटचं गणित इथे फार सुंदर बसतं. १८.४३२ ला ६ ने भागून झेड-८० ला ३.०७२ मेगाहर्ट्झ मिळतात, आणि ३०७२००० भागिले ९६०० म्हणजे बरोबर ३२० टी-स्टेट (क्लॉकचे ठोके). ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप घ्या. प्रत्येक बिटाचं लूप असं (कंसात टी-स्टेट, सी मध्ये आधी ८): ए रजिस्टर ५००२ वर लिहा (१३), आरआरसीए ने ए एक बिट फिरवा (४), बी मध्ये २२ भरा (७), डीजेएनझेड (बी शून्य होईपर्यंत उडी) स्वतःवरच (२८१), सी एकने कमी (४), शून्य नसेल तर जेपीने (नुसती उडी मारून) वर (१०). बेरीज ३१९. एका टी-स्टेटचा फरक म्हणजे ०.३ टक्के, दहा बिटांत कुठेही जाणवत नाही. लॅच फक्त डी० (सगळ्यात खालचा बिट) बघतो, त्यामुळे बाकीचे बिट झाकायची गरज नाही. लूपच्या आधी शून्य लिहून तेवढाच वेळ थांबा, तो स्टार्ट बिट. लूपनंतर १ लिहा, तो स्टॉप.

आता हे कोडमध्ये अडकवायचं कुठे. हा गेम इंटरप्ट मोड २ वापरतो, आय रजिस्टरमध्ये ३एफ असतं आणि चालू गेममध्ये व्हेक्टर (उडीचा पत्ता कुठे ठेवलाय ते सांगणारा बाइट) एफसी. म्हणजे ३एफएफसी आणि ३एफएफडी या दोन बाइटमध्ये ००८डी हा पत्ता आहे, आणि प्रत्येक फ्रेमला, सेकंदाला ६० वेळा, तिथे उडी जाते. ते दोन बाइट बदलून आपल्या रूटीनचा पत्ता घाला. आपल्या रूटीनने सगळ्यात आधी ००८डी ला कॉल करायचा, जेपी नाही. मूळ रूटीन आपलं काम संपवून आपल्याकडे परत येतो. मग डीआय (इंटरप्ट बंद), एएफ-बीसी-एचएल पुश, एक बाइट पाठवा, पॉप, ईआय (इंटरप्ट चालू), रिटर्न. क्रम उलटा केलात, आधी बाइट आणि मग जेपी, तरी चालल्यासारखं वाटतं. पण एका बाइटला १.०४ मिलिसेकंद जातात, व्हर्टिकल ब्लँकिंग (दोन फ्रेममधला कोरा वेळ) जेमतेम २.५ मिलिसेकंदांचं आहे, आणि भुतांच्या जागा तेवढ्यातच लिहायच्या असतात. उशीर झाला की भुतं फाटलेली दिसतात.

पहिल्या खेळाडूचा स्कोअर ४ई८० ते ४ई८२ मध्ये बीसीडीत (एका बाइटमध्ये दोन दशमान अंक) असतो, लहान अंक आधी. दुसऱ्याचा ४ई८४ पासून, हाय स्कोअर ४ई८८ पासून. पुढे ओळख म्हणून एए बाइट लावा. बीसीडीत ए येतच नाही, त्यामुळे लॅपटॉपवरचा प्रोग्राम कधीही सुरू केला तरी जागेवर येतो. चार बाइटचं पाकीट, फ्रेमला एक बाइट, म्हणजे सेकंदाला १५ पाकिटं. स्कोअरबोर्डला भरपूर झालं. पाकीट सुरू करताना तिन्ही बाइटची नक्कल रॅममध्ये बाजूला काढून ठेवा, नाहीतर मध्येच स्कोअर वाढला तर ९९० वरून १००० होताना भलताच आकडा जातो.

रॉमच्या तपासणीबद्दल: सुरू होताना गेम प्रत्येक ४ केच्या रॉममधल्या सम पत्त्यांच्या बाइटची बेरीज आणि विषम पत्त्यांच्या बाइटची बेरीज वेगवेगळी करतो, आणि दोन्ही बेरजांचा खालचा बाइट शून्य यावा लागतो. शेवटच्या रॉममध्ये ३एफएफई आणि ३एफएफएफ हे दोन बाइट त्यासाठीच आहेत. आपला कोड आणि व्हेक्टर दोन्ही ३००० ते ३एफएफएफ मध्येच ठेवा, म्हणजे एकच रॉम बदलावा लागतो. शेवटी हे दोन बाइट जुळवून घ्या. कोडसाठी रिकामी जागा म्हणून एकाच बाइटची लांब रांग शोधाल, पण ती डेटा टेबलही असू शकते. मेम या आर्केड गेमच्या इम्युलेटरच्या डीबगरमध्ये त्या पट्ट्यावर रीड वॉचपॉइंट (तिथलं काही वाचलं की थांबवणारा) लावून दोन-तीन लेव्हल खेळून बघा. रॅममधले मोकळे बाइटही तसेच शोधा, आणि ४एफसी० पासून खाली वाढणाऱ्या स्टॅकच्या जवळचे घेऊ नका.

बर्न करताना: जागा २५३२ ची आहे आणि हातात बहुधा २७३२ येईल. दोन्हींत १८, २० आणि २१ या पिना वेगळ्या आहेत. मध्ये अॅडॉप्टर बेस करा: चिपची २१ बेसच्या १८ ला, चिपची १८ आणि २० एकत्र करून बेसच्या २० ला. जुन्या २७३२ ला २५ व्होल्ट आणि ए मालिकेला २१ व्होल्ट लागतात. अनेक स्वस्त यूएसबी प्रोग्रामर तेवढे देत नाहीत, म्हणून चिप घ्यायच्या आधी प्रोग्रामरची यादी बघा.

लॉजिकप्रोब

झेडऐंशींशी सहमत, तुमच्या कामाला लॅच पुरे. पण पुढे लॅपटॉपकडून मशीनला काही पाठवायचं असेल, म्हणजे हाय स्कोअर परत भरणं किंवा मॉनिटर प्रोग्राम (मेमरी बघायचा-बदलायचा) चालवणं, तर सॉफ्टवेअरने बिट मोजत बसणं त्रासाचं आहे. एका इनपुट पिनेवर आरएक्स (येणारा डेटा) घेता येतो, पण तिथे पुल-अप १ के आणि ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर टाइम कॉन्स्टंट १०० मायक्रोसेकंद होतो, आणि ९६०० ला एक बिटच १०४ मायक्रोसेकंदांचा आहे. काही वाचता येत नाही. शिवाय बाइट कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

तेव्हा झेड-८० बेसमधून काढायचा, झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या पाटीवर) छोटं बोर्ड करायचं, त्यावर झेड-८० आणि १६सी५५० यूएआर्ट, आणि खालून ४० पिनांची गोल पट्टी मूळ बेसमध्ये. मिस पॅक-मॅनचं जादा बोर्डही असंच झेड-८० च्या जागी बसायचं, त्यामुळे ही पद्धत या मशीनला परकी नाही. चौकोनी बर्ग पट्टी मूळ बेसमध्ये कोंबू नका. बेसच्या पात्या कायमच्या फाकतात.

सोबत ७४एचसीटी१३८ (पत्ता ओळखणारा डिकोडर), ७४एचसीटी३२ (ऑर गेट), ७४एचसीटी०४ (उलटवणारे गेट) प्रत्येकी एक, आणि प्रत्येक चिपला ०.१ मायक्रोफॅरड. १३८ च्या सिलेक्टला ए५, ए६, ए७. जी२ए ला आयओआरक्यू (झेड-८० चा पोर्ट वापरतानाचा सिग्नल), जी२बी ग्राउंडला, आणि जी१ ला एम१ (झेड-८० चा सूचना आणतानाचा सिग्नल). हा एम१ लोक विसरतात. इंटरप्ट मान्य करताना झेड-८० एम१ आणि आयओआरक्यू दोन्ही खाली ओढतो आणि पत्त्याच्या बसवर तेव्हा प्रोग्राम काउंटर असतो. त्याचा खालचा बाइट योगायोगाने ई० च्या वर असला की यूएआर्टची निवड होते, आणि लिहिण्या-वाचण्याच्या सिग्नलमध्ये जरा गडबड असली तरी मशीन मधूनच लटकतं. दिवसभर नीट आणि संध्याकाळी दोनदा बंद, असा दोष शोधताना माणूस वेडा होतो. जी१ ला एम१ दिला की ती वाटच बंद.

वाय७ ही यूएआर्टची निवड, पोर्ट ई० पासून. मूळ बोर्डाकडे आयओआरक्यू सरळ जाऊ देऊ नका. वाय७ उलटवून आयओआरक्यूशी ऑर करून पाठवा. कारण या गेममध्ये इंटरप्टचा व्हेक्टर आउट ०० या सूचनेने एका लॅचमध्ये टाकला जातो. तो लॅच पत्ता न बघता प्रत्येक आउटला पकडणारा असेल, तर तुमचा पहिलाच अक्षर-बाइट व्हेक्टर बनतो आणि पुढच्या फ्रेमला प्रोग्राम भलतीकडे जातो.

यूएआर्टच्या पिना: १५ (बॉडआउट) ९ ला (आरसीएलके) जोडा, नाहीतर पाठवणं चालतं आणि घेणं कधीच चालत नाही. १९, २२ आणि २५ ग्राउंडला. ३५ चा रीसेट उंच असताना काम करतो, म्हणून झेड-८० चा २६ नंबर ०४ मधून उलटवून द्या. क्लॉक झेड-८० च्या ६ नंबरवरून, पण तोही ०४ च्या एका गेटमधून. ती लाइन सरळ लांब तारेने ओढली तर झेड-८० चाच क्लॉक बिघडतो. ३.०७२ ला ९६०० साठी भाजक २०. लाइन कंट्रोलमध्ये ८०, मग २० (हेक्स १४) आणि ०, मग ०३.

झेड-८० बाहेर काढताना जपून. झायलॉग या मूळ कंपनीने ४० पिनांचा झेड-८० बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं, आता मिळेल तो साठ्यातला. एचसीटीच्या चिप नाशिकला एमजी रोडवर मिळाल्या नाहीत तर एलएस घेऊन टाका, या वेगाला चालतात. एचसी मात्र नको, एलएसचा उंच स्तर तिला खात्रीने पुरत नाही. लॅमिंग्टन रोडवरून मागवणार असाल तर गोल पिनांचे बेस आणि पट्ट्याही तेव्हाच सांगा.

गोदातीर

मनापासून आभार. बल्ब पेटला! ट्रान्सफॉर्मर बसवून अर्थिंग दिलं, आता बल्ब पेटत नाही आणि मीटरवर २ व्होल्टच्या खाली आहे.

लॅचचा मार्ग घेतला. मेममध्ये पॅच नीट चालला, रॉम तपासणी पास. खऱ्या बोर्डावर लॅचची ६ नंबर पिन ७४एचसीटी०४ च्या एका गेटला, त्या गेटच्या आउटपुटला ६एन१३७ ऑप्टोची एलईडी, ५ व्होल्टवरून ४७० ओहममधून, पलीकडे यूएसबी-टीटीएल मॉड्यूल. चाचणी म्हणून सतत ५५ (हेक्स) पाठवलं तर लॅपटॉपवर बरोबर यू-यू-यू येतं. पण स्कोअर सुरू केला की कचरा. दुसरं, चाचणीच्या कोडमध्ये ३०० बाइट सलग पाठवले तर मशीन रीसेट होतं.

झेडऐंशी

५५ ने वेग कळतो, दिशा कळत नाही. स्टार्ट-स्टॉप धरून ते दहा बिट एकाआड एक असतात. उलटवले तरी तीच रांग एका बिटाने सरकून दिसते आणि यूच छापला जातो. तुमचा सिग्नल उलटा आहे. चाचणीला ४१ पाठवा, प्रत्येक बाइटनंतर थोडी विश्रांती देऊन, म्हणजे लगेच कळेल. मीटरनेही कळतं: काही पाठवत नसताना मॉड्यूलच्या आरएक्स पिनेवर उंच स्तर हवा. तुमच्याकडे शून्य असेल.

एचसीटी०४ काढून टाका. ऑप्टोची २ नंबर पिन ४७० ओहममधून ५ व्होल्टला, ३ नंबर सरळ लॅचला. एलएस चिप ८ मिलिअँपिअर खाली ओढू शकते, वर ढकलायला मात्र तिच्याकडे ०.४ च आहे, म्हणून एलईडी नेहमी अशीच लावायची. इथे साधारण ७ मिलिअँपिअर जातात आणि लॅच खाली तर आउटपुट खाली, दिशा बरोबर राहते.

रीसेट हा वॉचडॉग. ५०सी० वर १६ फ्रेममध्ये एकदा तरी काही लिहिलं नाही तर तो मशीन रीसेट करतो. १६ फ्रेम म्हणजे पाव सेकंदाहून थोडं जास्त, ९६०० ला साधारण २५० बाइट. ३०० सलग गेले की रीसेट ठरलेलाच. सलग पाठवायचंच असेल तर प्रत्येक बाइटनंतर ५०सी० वर लिहा. फ्रेमला एक बाइट या पद्धतीत मूळ गेमच ते काम करत राहतो.

चालू करताना लॅच शून्यावर असतो, त्यामुळे तुमचा कोड ५००२ वर १ लिहीपर्यंत लॅपटॉपला लांब ब्रेक (लाइन सतत खाली) दिसेल आणि एखादा ०० बाइट येईल. तो दोष नाही. एए मिळेपर्यंत प्रोग्रामने सगळं टाकून द्यावं.

अंबडवाला

ऑप्टोच्या पलीकडच्या बाजूचंही बघून घ्या. ६एन१३७ च्या ८ आणि ५ मध्ये ०.१ मायक्रोफॅरड चिपला चिकटून हवा, नाहीतर आउटपुट स्वतःच थरथरतं. ८ ला यूएसबीचे ५ व्होल्ट, ३.३ वर ती चिप चालत नाही. ६ नंबरचा १ केचा पुल-अप मात्र मॉड्यूलच्या स्तराला: ३.३ चं मॉड्यूल असेल तर ३.३ ला. बोर्डाचं ग्राउंड आणि यूएसबीचं ग्राउंड कुठेही जोडू नका, दोन्ही बाजूंच्या ट्रॅकमध्ये झीरो पीसीबीवर किमान तीन भोकांच्या रांगा मोकळ्या सोडा. पीसी८१७ घालून बघू नका, ४.७ केच्या पुल-अपवर त्याच्या कडा इतक्या तिरक्या होतात की ९६०० ला भरवसा राहत नाही.

पडदा दूर असेल तर यूएसबी लांबवण्यापेक्षा ऑप्टोनंतर मॅक्स२३२ आणि डीबी-९ घ्या, १५ मीटर सहज जातं. त्या बाजूला ५ व्होल्टचा वेगळा मोबाइल चार्जर द्या. साध्या मॅक्स२३२ ला १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात, ०.१ चे नाही. ६ नंबरवरच्या कपॅसिटरची प्लस बाजू ग्राउंडला. २ नंबरवर साधारण अधिक ९ आणि ६ नंबरवर उणे ९ व्होल्ट आले की चिप ठीक आहे. कॅबिनेटवर मादी कनेक्टर, १४ नंबरचा आउटपुट कनेक्टरच्या २ ला, ग्राउंड ५ ला. मग सरळ केबल चालते. सातपूर-अंबडला सीएनसी दुरुस्त करणाऱ्यांकडून केबल आणाल तर आतली जोडणी मीटरने तपासून घ्या, त्यांच्याकडे २-३ उलट केलेल्या केबलच जास्त असतात. आणि त्यांच्या लॅपटॉपवर तपासणार असाल तर सेटिंग बहुतेक ७ बिट आणि इव्हन पॅरिटी असतं, ते ८-एन-१ (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप) करायला विसरू नका.